'७२चा दुष्काळ गावागावांतून नोंदवताना: मौखिक इतिहासाचं तंत्र आणि त्यातल्या अडचणी

तिफण (धागाकर्ती)

१९७२च्या दुष्काळात विशीत सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. तेव्हाचे मुकादम, तलाठी, शाळामास्तर तर बहुतेक गावांत उरलेच नाहीत. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, पाथर्डी, बीड या पट्ट्यात अलीकडे बरेच जण मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांना बोलतं करायला निघालेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण यातली बरीच रेकॉर्डिंग पुढे कोणाच्या उपयोगी पडत नाहीत. बोलणारं कोण हे कळत नाही, तारीख नसते, निम्मं उत्तर प्रश्नातच घातलेलं असतं आणि परवानगीचा पत्ता नसतो. म्हणून हा धागा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी तपशिलात लिहावं, "आठवणींचा अनमोल ठेवा" वगैरे नको.

सुरुवात मी करते. बोलणारी व्यक्ती एकाच बैठकीत तीन प्रकारच्या गोष्टी सांगते. स्वतः पाहिलेलं-भोगलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं, आणि ओवी-म्हण-गाणं. तिन्ही मोलाचे, पण तिघांची पारख वेगवेगळी. आफ्रिकेच्या इतिहासावर काम करणारे यान व्हान्सिना पिढी ओलांडून आलेल्या कथनालाच 'मौखिक परंपरा' म्हणत. प्रत्यक्ष अनुभवाची साक्ष त्यांनी वेगळी ठेवली. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या ओव्यांवरून बायकांनी दुःख कोणत्या साच्यात मांडलं ते कळतं. अमुक गावाची विहीर कोणत्या महिन्यात आटली ते मात्र त्यांतून काढायला जाऊ नये. तेव्हा नोंद करतानाच समासात खूण करा: 'पाहिलं', 'ऐकलं', 'गाणं'. शंका आली तर तिथल्या तिथे विचारायचं, "हे तुम्ही बघितलं, का कोणी सांगितलं?" कोणालाही या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरं, साल विचारू नका. घटनांची दिनदर्शिका करून न्या. माझ्या यादीत एवढं असतं: ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप (पहाटेचा, पश्चिम महाराष्ट्रात लख्ख आठवतो), डिसेंबर १९७१चं युद्ध, मार्च १९७२ची विधानसभा निवडणूक, जून १९७५ची आणीबाणी, मार्च १९७७ची निवडणूक. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंपही उपयोगी पडतो. यांच्या जोडीला गावातल्या खुणा: वीज कधी आली, शाळेची नवी खोली, पाझर तलाव. मग प्रश्न असा: "थोरली पोरगी झाली तेव्हा लाइट आली होती का?" अशी तीन-चार उत्तरं एकमेकांवर ठेवली की साल सहा-आठ महिन्यांच्या फरकाने सापडतं.

नमुना_आठ

धागा चांगला आहे, पण एक मूळ शंका. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीवर इतिहास म्हणून किती विश्वास ठेवायचा? एकच उदाहरण देतो. दहा माणसांना विचारा, आठ जण सांगतील की "बहात्तरला आम्ही रोजगार हमीवर होतो". दप्तर काय सांगतं? त्या काळात निघालेली बहुतेक कामं सरकारी कागदात दुष्काळी किंवा टंचाईची कामं म्हणून आहेत. रोजगार हमीचा कायदा १९७७चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९पासूनचा. लोकांनी नंतरच्या कामाचं नाव आधीच्या कामाला दिलं. १९७२ आणि १९८६-८७ या दोन दुष्काळांची तर सर्रास सरमिसळ होते. एका तोंडात दोन्ही.

तिफण

@नमुना_आठ, सरमिसळ होते, यावर वाद नाही. मौखिक इतिहासवाल्यांना ती नवीही नाही. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, नाटो कराराविरुद्धच्या मोर्चात पोलिसांकडून मारला गेला. मौखिक इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी मुलाखती घेतल्या तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीच्या आंदोलनात घातला. पोर्तेल्लींनी ती चूक टाकूनही दिली नाही आणि गुपचूप दुरुस्तही केली नाही. आपला माणूस एका मोर्च्यात सहज मेला आणि आपण काहीच केलं नाही, हे गावाला सोसवत नव्हतं. म्हणून आठवणीने तो मृत्यू मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला, असं त्यांनी दाखवलं.

पण (आणि हा 'पण' महत्त्वाचा) हे त्यांना म्हणता आलं, कारण खरी तारीख त्यांच्याकडे होती. चूक वाचायची तर आधी ती चूक आहे हे माहीत हवं. तेव्हा तुमचं दप्तर आम्हाला हवंच आहे. तुमच्याच उदाहरणात पुढचा प्रश्न असा की दुष्काळी कामाला लोक 'हमी' का म्हणतात? उपकार म्हणून मिळालेलं काम नंतर हक्क म्हणून आठवलं जातंय का? हे रोजगार हमी योजनेच्या फायलीत सापडणार नाही.

बोरीबाभळी

याचा महाराष्ट्रातला अस्सल नमुना म्हणजे गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. "बहात्तरला अमेरिकेचा लाल मिलो आला आणि त्याच्याबरोबर काँग्रेस गवत आलं" हे वाक्य गावोगाव, जवळपास शब्दशः ऐकायला मिळतं. लाल मिलो (ज्वारीचाच एक लाल दाण्याचा प्रकार) रेशनवर आला होता, ते खरंच. पण पुण्याच्या परिसरात या गवताची नोंद १९५०च्या दशकातली आहे, म्हणजे दुष्काळाच्या कितीतरी आधीची. परदेशी धान्याबरोबर ते आलं असावं हा तर्क वनस्पतिशास्त्रज्ञही करतात, पण तो त्या आधीच्या आयातीबद्दल. गावाने मात्र दोन्ही एकत्र बांधले.

मुलाखतीत याचं काय करायचं? मध्ये अडवून "नाही आजोबा, ते आधीच आलं होतं" म्हणालात तर पुढचा अर्धा तास आजोबा तुम्हाला पटेल तेच सांगत राहतील. ऐकून घ्या आणि मग विचारा: मिलोची भाकरी कशी व्हायची, पोरं खायची का, पाव्हण्याला वाढायचात का? बहुतेक ठिकाणी शेवटच्या प्रश्नाला उत्तर नकारार्थी येतं, आणि मग ज्वारी खाणाऱ्या माणसाला तो लाल दाणा कसा लागला ते बाहेर येतं. पोटात गेलेली लाज रानात उगवलेली दिसते, असं माझं वाचन. कोणी वेगळं वाचेल. टिपणात दोन ओळी वेगळ्या ठेवायच्या: सांगणाऱ्याचं म्हणणं एक आणि कागदाची नोंद दुसरी. एकात दुसरी मिसळायची नाही.

नमुना_आठ

हे मान्य. मग कागद कुठे शोधायचे ते सांगतो, कारण "सरकारी दप्तर" म्हटलं की लोक थेट मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे बघतात. आधी गावात बघा.

शाळेचं जनरल रजिस्टर: मुलं कोणत्या महिन्यात गळाली आणि कधी परत आली ते दाखल-खारीजच्या रकान्यात दिसतं. स्थलांतराचा एवढा चांगला पुरावा दुसरा नाही. मात्र यातल्या जन्मतारखांवर विसंबू नका. १ जूनला जन्मलेल्यांची संख्या बघितलीत की कारण कळेल, मास्तरांनी अंदाजे टाकलेल्या आहेत.
ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यू रजिस्टर.
तलाठ्याकडचा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही), म्हणजे गाव नमुना ६. १९७२ ते ७५मधली खरेदीखतं आणि गहाणं बघा. "आम्ही जमीन नाही विकली" हे वाक्य इथे तपासता येतं.
तहसिलात त्या वर्षांची आणेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज).

कामावरच्या मजुरांचा हजेरीपट मिळाला तर नशीब समजा. मिळाला तरी डोळे झाकून खरा मानू नका. खोट्या नावांच्या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. तेव्हा कागदही तोंडाने तपासावा लागतो, एवढं मीही कबूल करतो.

पायवाट

छान चर्चा. अगदी प्राथमिक प्रश्न: मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालतं का? की वेगळं यंत्र घ्यावंच लागतं?

ध्वनिवेडा

@पायवाट, चालतं, पण मोबाइलचा स्वतःचा माइक नको. तो दोन-तीन हातांवर ठेवला की खोलीच जास्त ऐकू येते. शिवाय बऱ्याच फोनमध्ये आवाज स्वच्छ करायची सोय आपोआप चालू असते. म्हातारं माणूस वाक्याच्या शेवटी आवाज सोडतं, तो शेवट ती सोय खरखर समजून कापून टाकते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. बिनतारी माइकच्या संचातही हे बटण असतं, तेही बंद.

कॉलरला लावायचा साधा वायरवाला माइक घ्या, सगळीकडून आवाज घेणारा. हनुवटीखाली एक वीत अंतरावर. फोनला जोडायचा असेल तर पिनवर तीन काळ्या रेघा हव्यात; दोन रेघांची पिन कॅमेऱ्यासाठी असते, फोन तिला ओळखतच नाही आणि मुकाट्याने स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करतो. म्हणून सुरू केल्यावर माइकवर नखाने हलकं टिचकवा आणि हेडफोनने ऐका.

लुगडं-साडीत माइक पदराखाली लावू नये. कापड घासल्याचा आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. ब्लाउजच्या गळ्याशी पदराच्या वर लावा, मंगळसूत्र त्यावर आपटणार नाही असं बघून. बांगड्यांना इलाज नाही, काढायला अजिबात सांगू नका.

फाईल वेव्ह प्रकारची, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, दोन माइकना दुप्पट. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास शिखरं येतील अशी ठेवा. हसणं आणि ओरडणं यासाठी वर जागा हवी. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, हळू असलेला वाढवता येतो. फोन विमान मोडवर टाका.

खोली: पत्र्याचं छत आणि पाऊस एकत्र आले तर त्या दिवशी काम थांबवा. फ्रिज आणि पंखा बंद. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, दोन गोधड्या भिंतीला टांगा आणि एक खाली अंथरा. देवळाच्या कर्ण्याची वेळ आधी विचारून घ्या. माणसाला कोणत्या कानाने बरं ऐकू येतं तेही विचारा आणि त्या बाजूला बसा. तोंडात तंबाखू-मिश्री असेल तर ती आधी थुंकून होऊ द्या, पहिली दहा मिनिटं अस्पष्ट येण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोला: तारीख, गाव, तालुका, कोण बोलतंय, कोण विचारतंय, बैठक कितवी. मग तीस सेकंद कोणी बोलायचं नाही. त्या शांततेचा पुढे आवाज सफाईसाठी नमुना म्हणून उपयोग होतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी तीन प्रती: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि एक गावाबाहेर किंवा क्लाउडवर. व्हॉट्सॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे. फाईलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, गाव, क्रमांक. रोमन अक्षरं, मध्ये मोकळी जागा नको. देवनागरी नावांचे काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन होतात. बोलणाऱ्याचं नाव फाईलच्या नावात घालू नये, ते वेगळ्या वहीत.

कोरडवाहू

यंत्राचं झालं, आता माणसाचं. दुष्काळावर सर्वांत वाईट प्रश्न म्हणजे "तेव्हा फार हाल झाले असतील ना?" उत्तर ठरलेलं: "लई हाल". संपलं. त्याऐवजी एका दिवसावर या. "खडीवर जायचात तेव्हा उठायचात कधी?" इथून सुरू करून चूल, पाणी, चालण्याचं अंतर, हातोडा कोणाचा, पोर कुठे ठेवायचं, माप कोण घ्यायचं, पगार कोणत्या वारी, तिथून बाजार. सुकडी (कामावर वाटला जाणारा पूरक आहार) मिळायची का, कोणाला, ती घरी आणायची का तिथेच खायची. हाल आपोआप येतात, विशेषणाशिवाय.

पैशाचा आकडा विचारलात तर तो बहुतेक चुकीचा येतो, पुढच्या कामांचा दर मागे लावला जातो. "आठवड्याच्या पगारात ज्वारी किती यायची?" हे जास्त पक्कं आठवतं. उत्तर पायलीत आलं तर तुमच्याकडची पायली किती शेरांची हेही विचारून ठेवा, मापं भागागणिक बदलतात. हाताने "एवढा खड्डा" दाखवला तर मोठ्याने म्हणा, "म्हणजे कमरेएवढा?" नाहीतर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा. खरी भर त्या थांबण्यानंतर येते. एक बैठक तास-दीड तासाची, त्यापुढे सांगणारा थकतो आणि होकार देत सुटतो. दुसरी बैठक आठवड्याने. पहिलीनंतर माणसाला रात्री बरंच आठवतं.

जात. "दुष्काळात जातपात काही नव्हती, सगळे एका ठिकाणी खडी फोडायचे" हे तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल, विशेषतः पारावर. वाद घालू नका, तपशील विचारा. पाणी कोण वाढायचं? भाकरी खायला कोण कुठे बसायचं? मुकादम कोणत्या आळीचा? विहीर आटल्यावर टँकर कुठे उभा राहायचा? हेच चार प्रश्न प्रत्येक वस्तीत जाऊन, तिथल्या घरात बसून विचारायचे. दलित वस्तीतल्या माणसाला पाटलाच्या ओसरीवर बोलावून मुलाखत घेणं म्हणजे उत्तर आधीच ठरवणं. तुमचं आडनाव विचारलं जाणार, "तुम्ही कोणाकडचे?" हेही. काय सांगितलंत ते टिपणात लिहा, कारण त्यावरून समोरच्याने काय सांगायचं ते ठरवलेलं असतं.

बायकांच्या मुलाखती दुपारी दोन ते चार, आणि शक्यतो विचारणारी बाई. घरात मुलगा बसला की आई दर वाक्याला त्याच्याकडे बघते. त्याला गावातल्या देवळाचा इतिहास विचारायला जोडीदाराबरोबर बाहेर पाठवा, दोघंही खूश.

बोरीबाभळी

+१. फक्त एक भर: "आम्ही" या शब्दाखाली बरंच लपतं. "आम्ही मोर्चा काढला" म्हटल्यावर "तुम्ही त्या दिवशी कुठे होता?" हा प्रश्न राहून जातो. पारावरची सामूहिक बैठक मला तरी मुलाखत म्हणून नको वाटते. सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण गावाची होऊन बसते आणि नंतर एकेकट्याला विचारलं तरी तीच ऐकू येते.

कोरडवाहू

पूर्ण टाकू नका. नकाशा काढायला पार चांगला. जमिनीवर खडूने ओढा, विहिरी, कामाची जागा, जुना रस्ता काढायला लावा. भांडत भांडत पक्का होतो. फोटो काढून ठेवा. पण एकेकट्याच्या मुलाखती झाल्यावर, आधी नाही.

वेलांटी

लिप्यंतराबद्दल, म्हणजे ध्वनी ऐकून तो शब्दशः उतरवण्याबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. एका तासाच्या ध्वनीला सहा ते आठ तास लागतात, बोली दाट असेल किंवा दोघं एकदम बोलत असतील तर दहा. हे गणित आधी न केल्याने निम्मे प्रकल्प इथेच अडतात. सगळं उतरवणं जमणार नसेल तर निदान दर पाच मिनिटांची अनुक्रमणिका करा: वेळ, विषय, आलेली नावं, गावं. ती नसलेला दीड तासाचा आवाज कोणी उघडत नाही.

बोली सुधारू नका. 'व्हतं', 'गेल्तो', 'न्हाई', 'आमास्नी' जसंच्या तसं. वाचकाला अडेल असं वाटलं तर शेवटी शब्दसूची जोडा. अस्पष्ट जागी चौकटी कंसात मिनिट-सेकंद लिहून सोडून द्या, अंदाज भरू नका. हसणं, रडणं, लांब थांबणं कंसात, पण 'खिन्नपणे हसल्या' असं नको, नुसतं 'हसतात'. तुमचे प्रश्नही उतरवा. ते काढून टाकलेली मुलाखत सलग निवेदनासारखी दिसते आणि कोणत्या प्रश्नाला काय उत्तर आलं ते कळत नाही.

यंत्राकडून लिप्यंतर करून घेणाऱ्यांनो, दोन सापळे आहेत. माणदेशी किंवा मराठवाडी बोली ते परस्पर पुस्तकी मराठीत बदलतं. आणि लांब शांततेच्या जागी कधी कधी कोणी न बोललेली वाक्यं घालतं, ती व्याकरणशुद्ध असल्याने नजरेतून सुटतात. पहिला खर्डा म्हणून वापरा, पण पूर्ण ध्वनी कानाने ऐकूनच अंतिम करा. टंकन युनिकोडमध्येच. जुन्या फाँटमधल्या कितीतरी चांगल्या मुलाखती आज शोधताही येत नाहीत.

पायवाट

परवानगी कागदावर घ्यायची का? सही म्हटलं की लोक घाबरतात. आणि पैसे द्यायचे का?

नमुना_आठ

सही म्हटलं की जमीन आठवते, त्यामुळे भीती रास्त आहे. कोऱ्या किंवा इंग्रजी कागदावर तर मुळीच नको. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यात चार गोष्टी: रेकॉर्डिंग कुठे राहील; कोण ऐकू शकेल; खरं नाव वापरायचं की बदलायचं; काही भाग बंद ठेवायचा असेल तर किती वर्षं. प्रत्येकापुढे हो-नाहीचे चौकोन. लिहिता येत नसेल त्यांच्याकडून अंगठ्याऐवजी रेकॉर्डिंगवर तोंडी संमती घेतलेली बरी, कागद वाचून दाखवून. संमती दोनदा: सुरुवातीला बोलण्याची, शेवटी वापरण्याची. काय सांगणार आहोत हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं. पानाची एक प्रत त्यांच्या घरी.

खोटे हजेरीपट कोणी लिहिले, सुकडी कोणी विकली, ही नावं येतील. ती माणसं किंवा त्यांची मुलं गावातच आहेत. मूळ ध्वनीत राहू द्या, प्रसिद्ध प्रतीतून काढा. बदनामीचा दावा सांगणाऱ्यावरही होऊ शकतो, तुम्ही शहरात परत गेलेले असता.

तिफण

पैशांबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडत असेल तर त्या दिवसाची मजुरी द्यावी, ती सर्वांना सारखी, आणि मुलाखतीआधी सांगून. 'चांगलं' सांगितल्याबद्दल जास्त असं होता कामा नये. उतरवलेल्या मुलाखतीची छापील प्रत आणि ध्वनी मात्र प्रत्येकाला पोचलाच पाहिजे, वाचून दाखवून दुरुस्ती विचारा. दुरुस्ती सांगितली तर मूळ ओळ खोडू नका, खाली तारखेसह लिहा.

कोरडवाहू

सहमत, फक्त मजुरी रोख द्या आणि घरच्या कर्त्याच्या नव्हे, बोलणाऱ्या बाईच्या हातात.

पायवाट

आणि माणूस वारल्यावर मुलगा म्हणाला, "तेवढा भाग काढून टाका", तर?

नमुना_आठ

संमतीपत्रात सांगणाऱ्याने काय लिहिलंय त्यावर. उघडा ठेवा म्हटलं असेल तर मुलाला नकाराचा हक्क नाही. पण त्या भागात मुलाचं स्वतःचं काही असेल, तर तेवढं बंद करण्याची विनंती ऐकावी. काय बंद केलं, कोणाच्या सांगण्यावरून आणि कधीपर्यंत, ते अनुक्रमणिकेत लिहावं. मूळ फाईल कापू नये. ही अडचण कमी करायची असेल तर संमतीच्या पानावर पाचवा चौकोन घाला: "माझ्या मागे याबद्दल कोणाला विचारायचं?" त्यात लोक मुलाचंच नाव घालतील असं नाही. लेकीचं, भावजयीचं, कधी खडीवरच्या जोडीदारणीचंही येतं.